दोन नोंदींमधले आकाश : सवाई जयसिंहांची गणितनिष्ठा

जयपूर : येथील राजवाड्यालगतच्या जंतरमंतर वेधशाळेत सम्राट यंत्राची सावली दर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने पाषाणाच्या कमानीवरून सरकत असते. सुमारे २७ मीटर उंचीचे हे यंत्र जगातील सर्वांत मोठे दगडी सूर्यघटीयंत्र मानले जाते. त्याच्या कमानींवर दोन सेकंदांपर्यंतचे काळाचे विभाग कोरलेले आहेत. देशोदेशींचे प्रवासी ते पाहून थक्क होतात. मात्र ज्या राजाने ते उभारले, त्याला केवळ भव्य वास्तू उभारावयाची नव्हती. त्याला ग्रहगणिताची कोष्टके दुरुस्त करावयाची होती आणि ही यंत्रे त्या कामाचे साधन होती.

वेधशाळा कितीही मोठी असली, तरी ती आकाशाची स्थिती काही ठरावीक क्षणांचीच सांगते. ढग आले की वेध थांबतो, ग्रह मावळला की वेध थांबतो, निरीक्षकाचा डोळा लागला तरी वेध थांबतो. हाती उरतात त्या सुट्या नोंदी. पंचांगकर्त्याला मात्र प्रत्येक तिथीचा शेवट हवा असतो, ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष हवा असतो, आणि हे क्षण नोंदींच्या अधेमधे कोठेही पडतात. दोन ज्ञात बिंदूंमधील अज्ञात स्थान कसे काढावे, या प्रश्नाला आज गणितात अंतर्वेशन म्हणतात. सवाई जयसिंहांच्या वैज्ञानिक कार्याचा गाभा याच प्रश्नाभोवती आहे.

आमेर ते विशाळगड

जयसिंहांचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ रोजी कछवाह राजघराण्यात आमेर येथे झाला. वडील राजा बिशनसिंह यांच्या निधनानंतर वयाच्या अकराव्या वर्षी ते गादीवर आले. त्या काळी आमेरचा राजा म्हणजे मोगल बादशहाचा मनसबदार. औरंगजेब तेव्हा दक्षिणेत मराठ्यांच्या किल्ल्यांमागे लागला होता आणि या बालराजालाही फौजेसह तेथे हजर व्हावे लागले. १७०२ मध्ये आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगडाच्या वेढ्यात तेरा वर्षांचे जयसिंह मोगलांच्या बाजूने लढले. आपल्या घराण्यातील मिर्झाराजे जयसिंहांहून हा मुलगा सव्वापट निघेल, असे मानून बादशहाने त्यांना सवाई ही पदवी दिली, असे परंपरा सांगते. जयपूरच्या राजघराण्याने ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या मिरवली.

१७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि वारसायुद्ध पेटले. जयसिंह पराभूत पक्षात होते. नव्या बादशहाने, बहादूरशहाने, आमेर जप्त केले. मारवाड आणि मेवाड यांच्याशी हातमिळवणी करून जयसिंहांनी ते परत मिळविले. पुढील ३५ वर्षे ते एका खचत चाललेल्या साम्राज्याचे सुभेदार, सेनापती आणि सल्लागार होते. माळवा आणि आग्रा येथील कारभार त्यांनी पाहिला, जाटांविरुद्धच्या मोहिमेचे नेतृत्व केले, आणि नर्मदा ओलांडून येणाऱ्या मराठ्यांशी कधी लढाई तर कधी वाटाघाटी केल्या. या धावपळीतही त्यांनी गणिताचा व्यासंग सोडला नाही.

त्यांच्याभोवती जमलेल्या विद्वानांत महाराष्ट्राशी नाते सांगणारी नावे ठळक आहेत. त्यांचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण. प्रमुख ज्योतिषी जगन्नाथ सम्राट हेही महाराष्ट्रीय घराण्यातील असल्याचे मानले जाते. जगन्नाथांनी अरबी भाषा आत्मसात केली आणि नसिरुद्दीन तुसी याच्या अरबी आवृत्तीवरून युक्लिडची भूमिती रेखागणित या नावाने संस्कृतात आणली. टॉलेमीच्या अल्माजेस्ट या ग्रंथाचे संस्कृत रूपही त्यांनी सिद्ध केले. केवलराम, नयनसुखोपाध्याय आणि अनेक मुस्लिम ज्योतिर्विद यांचाही या मंडळात समावेश होता. एकाच दरबारात संस्कृत, अरबी, फारसी आणि पुढे लॅटिन ग्रंथ एकमेकांशी ताडून पाहिले जात होते.

कोष्टके आणि आकाश यांतील तफावत

ताडून पाहताना जयसिंहांच्या ध्यानात आले की, कोणतेही कोष्टक आकाशाशी पुरते जुळत नाही. समरकंदच्या उलुघ बेगने पंधराव्या शतकात तयार केलेली कोष्टके, अकबराच्या काळातील कोष्टके आणि हिंदू सिद्धांतग्रंथांवरून काढलेले ग्रह यांची प्रत्यक्ष वेधाशी फारकत होत होती. अमावास्येनंतरचे चंद्रदर्शन, ग्रहांचे उदयास्त, ग्रहणे, ग्रहांच्या युती या सर्वांत चूक आढळत होती. धर्मकृत्ये आणि राज्यकारभार दोन्ही याच कालगणनेवर चालत असल्याने हा दोष लहान नव्हता. त्यांनी ही बाब बादशहा मुहम्मदशहाच्या कानावर घातली आणि त्याच्या अनुमतीने नव्या वेधांचे काम हाती घेतले.

आरंभी पितळी यंत्रे तयार करण्यात आली. ती लहान असल्याने अंशाचे सूक्ष्म भाग त्यांवर पाडता येत नव्हते. आसांची झीज होत होती आणि यंत्रे हलत होती. तेव्हा जयसिंह दगड-चुन्याच्या विशाल यंत्रांकडे वळले. पहिली वेधशाळा दिल्लीत उभी राहिली. त्यानंतर जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथे वेधशाळा झाल्या. एका ठिकाणच्या नोंदी दुसऱ्या ठिकाणी पडताळता याव्यात, हा त्यामागील हेतू होता. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूर नगराची पायाभरणी झाली. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने चौरस विभागांत आखलेल्या या नगरात राजवाड्याजवळची मोक्याची जागा वेधशाळेसाठी राखण्यात आली.

तरीही दगडाला मर्यादा होत्या. सूर्यबिंब सुमारे अर्धा अंश रुंद असल्याने सावलीची कड धारदार पडत नाही. ती पुसट होत जाते, आणि नेमकी रेषा कोठे मानावी हे निरीक्षकाच्या सरावावर अवलंबून राहते. म्हणजे हाती येणारा प्रत्येक बिंदू थोडा संशयितच. अशा बिंदूंच्या आधारे मधली जागा भरावयाची, हे गणितज्ञाचे काम.

मधली जागा कशी भरावी

यासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्रैराशिक. आज सूर्योदयी चंद्र अमुक स्थानी, उद्या सूर्योदयी तमुक स्थानी. तर मध्यरात्री तो कोठे, हे प्रमाणाने काढावयाचे. याचा अर्थ दोन बिंदू सरळ रेषेने जोडणे असा होतो. चंद्राची गती एकसारखी असती तर हे उत्तर अचूक आले असते. पण चंद्र एका दिवसात कधी १२ अंशांहून थोडा कमी तर कधी १५ अंशांहून थोडा अधिक चालतो. तिथी कधी २० तासांच्या आसपास आटोपते, तर कधी २६ तासांहून अधिक लांबते, त्याचे प्रमुख कारण हेच. गती बदलत असेल तर सरळ रेषा फसवते आणि तिच्या जागी वक्ररेषा घ्यावी लागते.

या वक्राचा विचार जयसिंहांच्याच भूमीत हजार वर्षांपूर्वी झाला होता. ब्रह्मगुप्त यांचे नाव आजच्या राजस्थानातील भीनमाळशी जोडले जाते. त्यांनी ६६५ मध्ये रचलेल्या खंडखाद्यक या ग्रंथात त्रिज्या १५० मानून दर १५ अंशांच्या ज्या दिल्या आहेत. त्या अनुक्रमे ३९, ७५, १०६, १३०, १४५ आणि १५० अशा आहेत. लागोपाठच्या संख्यांमधील अंतरे ३९, ३६, ३१, २४, १५ आणि ५ अशी घटत जातात. आता ४५ अंशांची ज्या १०६ आणि ६० अंशांची १३० असताना, त्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे साडेबावन्न अंशांना, ज्या किती? त्रैराशिकाने उत्तर ११८ येते. खरे मूल्य ११९ आहे.

ब्रह्मगुप्तांनी चालू अंतर जसेच्या तसे वापरले नाही. मागील अंतर ३१ आणि चालू अंतर २४ यांची सरासरी साडेसत्तावीस. त्या दोहोंच्या फरकाचे अर्ध साडेतीन. आपण टप्प्याच्या मध्यावर असल्याने त्याचाही अर्धा भाग, म्हणजे पावणेदोन, सरासरीतून वजा केला की २५.७५ हे सुधारित अंतर मिळते. त्याचे अर्ध १०६ मध्ये मिळवले की उत्तर सुमारे ११८.९ येते. एका एककाची चूक घटून सुमारे आठव्या हिश्श्यावर आली. कोष्टकात एकही नवी नोंद न वाढवता, केवळ अंतरे कशी बदलत आहेत हे पाहून ही अचूकता साधली. आजच्या भाषेत, ब्रह्मगुप्तांनी तीन लगतच्या बिंदूंतून जाणारी द्विघाती बहुपदी वापरली.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीमध्ये हाच नियम स्वीकारला. त्यांनी त्रिज्या १२० आणि टप्पा १० अंशांचा घेतला. खानदेशात चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेखामुळे भास्कराचार्यांच्या विद्यापरंपरेची स्मृती आजही महाराष्ट्रात जिवंत आहे. ग्रहगणित शिकणाऱ्या पंडिताला लघुकोष्टक आणि त्याचे संस्कार ही जोडी परिचयाची होती. जयसिंहांचे पंडित याच परंपरेत वाढले होते.

या नियमामागील तत्त्व व्यापक आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. आडव्या अक्षावर वेगवेगळ्या ठिकाणी असलेल्या तीन बिंदूंतून फार तर दुसऱ्या घाताची एकच बहुपदी जाते, चार बिंदूंतून फार तर तिसऱ्या घाताची. बिंदू जितके, त्याहून एक कमी घातापर्यंतची एकच बहुपदी त्या सर्वांतून जाते. जयसिंहांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १६८७ मध्ये, लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिन्सिपिया या ग्रंथात न्यूटनने हे तत्त्व धूमकेतूसाठी मांडले. काही रात्रींचे वेध हाती असताना मधल्या एखाद्या क्षणी धूमकेतू कोठे होता, हे काढण्यासाठी त्याने सर्व बिंदूंतून जाणारा वक्र योजला. भीनमाळ आणि लंडन यांच्यामध्ये हजार वर्षांचे अंतर असले, तरी प्रश्न एकच होता.

समरकंदच्या ज्योतिर्विदांनी बहुपदीचा आणखी एक उपयोग केला होता. तीन अंशांची ज्या भूमितीने काढता येते, एक अंशाची येत नाही. अल्‌-काशीने तीन अंशांच्या ज्येवरून एक त्रिघाती समीकरण मांडले आणि पायरीपायरीने सोडवून एक अंशाची ज्या अतिसूक्ष्म काढली. त्याच परंपरेतील उलुघ बेगची कोष्टके हा जयसिंहांच्या कार्याचा पाया होता.

लिस्बनहून आलेली कोष्टके

युरोपात वेधविद्या पुढे गेल्याचे कानावर येताच जयसिंहांनी १७२७ मध्ये पाद्री मानुएल द फिगेरेदो यांच्यासमवेत एक शिष्टमंडळ गोव्यामार्गे पोर्तुगालला रवाना केले. काही वर्षांनी ते फ्रेंच खगोलज्ञ फिलिप द ला ईर यांची कोष्टके घेऊन परतले. जयसिंहांनी ती विदेशी म्हणून शिरोधार्य मानली नाहीत आणि टाकूनही दिली नाहीत. त्यांनी ती आकाशाशी ताडली. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीएवढी, चूक निघाली. ग्रहणांच्या वेळा सुमारे १५ पळे, म्हणजे सहा मिनिटे, मागेपुढे होत्या. युरोपीय यंत्रे आकाराने लहान असल्यामुळे असे होत असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दोष केवळ यंत्रांचा नव्हता. चंद्राच्या गतीचे कोडे तेव्हा युरोपालाही सुटले नव्हते. टोबियास मायरची विश्वासार्ह चंद्रकोष्टके १७५० च्या दशकात, जयसिंहांच्या निधनानंतर, आली.

१७३४ मध्ये चंदननगरहून दोन फ्रेंच जेझुइट पाद्री जयपूरला आले. पुढे बव्हेरियातूनही दोघे आले. केवलरामांनी ला ईर यांच्या कोष्टकांवर आधारित संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. याच दशकात जयसिंहांचे झिज-इ-मुहम्मदशाही हे फारसी कोष्टक पूर्णत्वास गेले. बादशहाचे नाव धारण करणाऱ्या या ग्रंथात सूर्य, चंद्र आणि ग्रहांची कोष्टके, ज्योतिषाच्या रीती आणि तारकासूची आहेत. अशा ग्रंथात वर्ष, महिना, दिवस यांनुसार मध्यमगती आणि अंशागणिक संस्कार दिलेले असतात. दोन ओळींमधील मूल्य वाचकाने स्वतः काढावयाचे असते.

या कार्याची मर्यादाही येथेच दिसते. जयसिंहांचे बिंदू पूर्वीपेक्षा चांगले होते, पण ते जोडणारा वक्र जुनाच राहिला. त्यांच्या ग्रंथात दुर्बिणीचा आणि गुरूच्या चार चंद्रांचा उल्लेख आहे, मात्र कोपर्निकसची सूर्यकेंद्री मांडणी आणि केप्लरचे लंबवर्तुळ यांना त्यांच्या गणितात स्थान मिळाले नाही. जवळजवळच्या नोंदींमधील जागा अंतर्वेशनाने भरता येते. नोंदी संपल्यानंतरचे, पुढील शतकातले आकाश सांगावयाचे तर ग्रह तसा का चालतो हे कळावे लागते. बिंदू वाढवल्यानेही हे काम होत नाही. सारख्या अंतरावरील अनेक बिंदूंतून फार वरच्या घाताची बहुपदी ओढली, तर ती टोकांपाशी बेफाम हेलकावे घेऊ शकते, हे जर्मन गणितज्ञ कार्ल रुंगे यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. ब्रह्मगुप्तांची तीन बिंदूंची मर्यादित पद्धत हजार वर्षे टिकली, त्याचे एक कारण या इशाऱ्यात सापडते.

मराठे, माळवा आणि अखेर

वेधांच्या या वर्षांतच जयसिंहांच्या राजकारणाची कसोटी लागत होती. मराठ्यांचा वाढता जोर शस्त्राने रोखता येणार नाही, हे ओळखून ते तडजोडीचा पुरस्कार करीत राहिले. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघाल्या, तेव्हा जयपुरात त्यांचा सन्मानाने सत्कार झाला. पुढील वर्षी बाजीराव आणि जयसिंह यांची भेट झाली. १७४१ मध्ये धौलपूर येथे जयसिंहांच्या मध्यस्थीने नानासाहेब पेशव्यांशी करार झाला आणि माळव्यावरील मराठ्यांचा अधिकार बादशाहीने मान्य केला. दिल्ली दरबारातील अनेकांनी या धोरणाला फितुरी मानले. लढाईचा खर्च आणि तिचे फळ यांचा हिशेब मांडूनच जयसिंहांनी ते स्वीकारले होते.

२१ सप्टेंबर १७४३ रोजी जयपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर पुत्रांमध्ये गादीचा कलह पेटला आणि मराठे त्यात ओढले गेले. होळकरांची फौज जयपूरवर चालून आली असता, १७५० च्या डिसेंबरात थोरले पुत्र ईश्वरीसिंह यांनी आत्महत्या केली. अशा काळात रात्र-रात्र जागून वेध घेणारी माणसे टिकणे शक्य नव्हते. यंत्रांची पडझड झाली आणि मथुरेची वेधशाळा तर नामशेष झाली.

उज्जैनची वेधशाळा शिंदे सरकारच्या मुलखात आली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथे आजही वेध घेतले जातात. जयपूरच्या यंत्रांची मोठी दुरुस्ती १९०१-०२ मध्ये झाली. त्या कामात पुढे हिंदी कथाकार म्हणून ख्यातनाम झालेले चंद्रधर शर्मा गुलेरी यांचा सहभाग होता. त्याच सुमारास जगन्नाथांचे रेखागणित मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापून प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी १८९६ मध्ये पुण्यात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिःशास्त्र हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. पंचांग आकाशाशी जुळावे, यासाठी महाराष्ट्रात झालेल्या चळवळीला त्याने बळ दिले. २०१० मध्ये युनेस्कोने जयपूरच्या जंतरमंतरचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आज हवामानाच्या नकाशावर दोन केंद्रांमधील तापमान भरताना किंवा चंद्रावर निघालेल्या यानाचा मार्ग कोष्टकातून वाचताना संगणक निमिषार्धात अंतर्वेशन करतो. बिंदूंतून जाणारा वक्र त्याला नेहमीच सापडतो. तो वक्र खरा आहे की नाही, हे मात्र बिंदू सांगत नाहीत. त्यासाठी पुन्हा आकाशाकडे पाहून ताळा घ्यावा लागतो. परंपरेने आलेले, बादशहाच्या नावाचे आणि लिस्बनहून मागविलेले अशी सारीच कोष्टके जयसिंहांनी याच कसोटीवर घासून पाहिली. त्यांच्या कोष्टकांची जागा नव्या गणिताने केव्हाच घेतली, परंतु ताळा घेण्याचा त्यांचा आग्रह आजही प्रत्येक वेधशाळेत पाळला जातो.